कृष्णविनोद आणि कुटुंबातील क्रौर्य : ‘महानिर्वाण’च्या निमित्ताने

मराठी समीक्षेत ‘कृष्णविनोद’ ही संज्ञा आता रूढ झाली आहे. मात्र तिचा वापर बहुधा शैलीचे एक वैशिष्ट्य नोंदवण्यापुरताच होतो. हा विनोद कशातून निर्माण होतो आणि त्याची झळ कोणाला बसते, हे प्रश्न मागे पडतात. सतीश आळेकर यांच्या ‘महानिर्वाण’ (१९७४) या नाटकाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. थिएटर अकॅडमीने पुण्यात रंगभूमीवर आणलेल्या या नाटकाचा विचार प्रामुख्याने कीर्तनाच्या रूपबंधाचे विडंबन आणि अंत्यविधीच्या रूढींवरील टीका या दोन अंगांनी झाला. ही दोन्ही अंगे नाटकात आहेतच; परंतु त्यांच्या तळाशी असलेले कौटुंबिक क्रौर्य त्यामुळे झाकले जाते.

येथे फ्रान्झ काफ्काच्या ‘मेटॅमॉर्फोसिस’ (१९१५) या दीर्घकथेशी केलेली तुलना उपयुक्त ठरते. ग्रेगोर साम्सा किडा होऊन जागा होतो आणि त्याला पहिली चिंता पडते ती चुकलेल्या गाडीची. हा विनोद वाचकाला हसवतो आणि लगेच अस्वस्थ करतो. कारण या घरात ग्रेगोरचे मूल्य त्याच्या पगाराएवढेच आहे, हे त्यातून उघड होते. मुलगा कर्ज फेडण्यासाठी राबत असताना वडिलांनी काही पैसा गाठीला बांधून ठेवलेला असतो. पुढे तेच वडील त्याला सफरचंदे फेकून मारतात. तो मरतो तेव्हा कुटुंब ट्रॅममधून सहलीला निघते. काफ्काच्या कथेची केवळ ‘एकाकीपणाची शोकांतिका’ म्हणून चर्चा करणारे या हसण्याकडे दुर्लक्ष करतात.

‘महानिर्वाण’मध्ये ही रचना उलट झालेली दिसते. येथे घराला भार होतो तो मेलेला बाप. भाऊराव मृत्यूनंतरही बोलत राहतात, स्वतःच्या मरणाचे आख्यान लावतात आणि जुन्या स्मशानातच दहन व्हावे असा हट्ट धरतात. प्रेत घरात पडून राहते. नानाचे पुत्रकर्तव्य संपत नाही. काफ्काकडे जिवंत माणसे निरुपयोगी झालेल्याला टाकून देतात, तर आळेकरांकडे मेलेला माणूस जिवंतांना सोडत नाही. दोन्हीकडे क्रौर्याची भाषा मात्र एकच आहे, ती कर्तव्याची.

म्हणूनच आळेकरांच्या असंगततेला पाश्चात्त्य उसनवारी म्हणणे योग्य नाही. कोल्हापुरातील मंगळवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत मृत्यू हा एका घराचा राहत नाही, तो गल्लीचा होतो. तिरडी कोणी बांधायची, कोणाची वाट पाहायची, किती वाजता ‘उचलायचे’, हे शेजारीपाजारी ठरवतात आणि शोकात बुडालेल्या घराला त्यात फारसा आवाज उरत नाही. या व्यवहारात खरा आधार असतो आणि दडपणही असते. नाटकातील चाळकरी या परिचित वास्तवातूनच आले आहेत. आळेकर त्याला फक्त थोडे पुढे ढकलतात.

तथापि, एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. भाऊरावांची विधवा रमा हिला शोक करता करता अंत्ययात्रेला आलेल्यांपैकी ‘डावीकडून तिसरा’ आवडू लागतो, आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो. हा हशा वैधव्याच्या दांभिक कल्पनेवर आहे की खुद्द तिच्या इच्छेवर? नाटक याचे निःसंदिग्ध उत्तर देत नाही. भाऊरावांना स्वतःचे कीर्तन लाभते. रमेला स्वतःचे आख्यान लावण्याची संधी तितक्या प्रमाणात मिळत नाही. नाटक ज्या क्रौर्याचे दर्शन घडवते, त्यात काही अंशी त्याचा विनोदही सामील होतो, असे म्हणावे लागते.

हे मान्य केल्याने कलाकृतीचे मोल घटत नाही. उलट, कृष्णविनोदाचे खरे सामर्थ्य प्रेक्षकाला निर्दोष राहू न देण्यात आहे, हे त्यातून स्पष्ट होते. पदव्युत्तर वर्गात ‘महानिर्वाण’ शिकवताना ‘रूढींवर प्रहार’ या ठरीव उत्तराशी थांबणे म्हणजे विद्यार्थ्याला त्या हशातून अलगद सोडवणे होय. तो नेमका कोणाला हसला, हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला, तरच नाटक शिकवले गेले असे म्हणता येईल.