काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं

मंडळी, पोस्ट थोडी मोठी आहे. पण प्लॉट घेणाऱ्यांनी आणि घरकुल मंजूर झालेल्यांनी शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

जुन्या माणसांच्या बोलण्यात गावाचे दोन भाग असायचे, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतशिवार, पांढरी म्हणजे गावठाण. पेरायचं काळीत, राहायचं पांढरीत. तेव्हा इंजिनिअर नव्हते, पण माती कळत होती. आज परभणी, हिंगोली, नांदेड पट्ट्यातलं कुठलंही तालुक्याचं गाव बघा. वस्ती वाढतेय ती काळ्या रानातच. कालपर्यंत कापूस-सोयाबीन होतं तिथं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडलेत. एनए झालं, रजिस्ट्री झाली. खालची माती कसली, हे मात्र कुणी विचारलं नाही.

ही माती बेसाल्टचा खडक झिजून तयार झालेली. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. म्हणून मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतीला हा गुण वरदान आहे. ओल धरून ठेवते म्हणून तर रब्बीची ज्वारी पावसाविना निघते. पण घराखाली हीच माती दर पावसाळ्यात वर उचलते आणि दर उन्हाळ्यात खाली बसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, फरशी फुगते, दार अडकायला लागतं. आपण मिस्त्रीला शिव्या देतो, सिमेंटला नावं ठेवतो. वास्तुशास्त्रवाल्याला बोलावून दाराची दिशा बदलणारेही आहेत!

खरी गोम पुढं आहे. जड इमारत आपल्या वजनानं मातीला थोडंफार दाबून धरते. हलकं, एकमजली घर सहज उचललं जातं. म्हणजे काळ्या मातीचा सगळ्यात मोठा फटका कुणाला? घरकुलवाल्याला.

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, डोंगराळ आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार. म्हणजे जागा बघून पैसे वाढवायचे, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. मग काळ्या मातीनं काय घोडं मारलंय? मुरमावर बांधणाऱ्याला आणि वीस फूट काळ्या मातीवर बांधणाऱ्याला सारखीच रक्कम. एकाचं निम्मं काम निसर्गानं केलेलं असतं, दुसऱ्याचे पैसे पायातच संपतात.

उपाय नाहीत असं नाही. माती कमी खोल असेल तर ती काढून मुरूम भरायचा, पाणी मारून थरावर थर दाबायचा. खोल असेल तर अंडर-रीम्ड पाईल, म्हणजे खाली फुगीर गोळा असलेले काँक्रीटचे खांब, साधारण साडेतीन मीटर खोल. रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं हे तंत्र गेल्या शतकातच विकसित केलं. वर प्लिंथ बीम हवाच. खर्च वाढतो, हे खरंय. पण भेगा बुजवण्यात आयुष्य घालवण्यापेक्षा तो परवडतो.

तीच गत संडासाची. सेप्टिक टँकचं पाणी असो की दोन खड्ड्यांचा संडास, सगळी मदार जमिनीनं पाणी पिण्यावर आहे. पावसाळ्यात काळी माती फुगली की पाणी जिरणं जवळपास थांबतं. शोषखड्डा तुंबतो. मग लोक रात्रीतून पाईप उघड्या नालीत सोडतात आणि डास सगळ्या गल्लीला. संडास बांधल्याचा फोटो काढून निधी मिळतो, पाणी जिरतं का हे कोण बघतं? तपासणी सोपी आहे. शोषखड्डा जिथं घ्यायचा तिथं छोटा खड्डा खणा, रात्रभर पाणी भरून ठेवा, दुसऱ्या दिवशी परत भरा आणि पातळी किती वेळात किती उतरते ते मोजा. उतरतच नसेल तर तिथं शोषखड्डा चालणार नाही, दुसरी सोय बघावी लागेल.

बागेची हौस असणाऱ्यांनाही एक सांगणं. भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा करून रोज पाणी सोडू नका. त्याच बाजूची माती फुगते आणि भिंत तडकते. वड-पिंपळासारखं मोठं झाड पायाजवळ लावू नका, ते ओल ओढून एक बाजू खचवतं. घराभोवती बाहेर उतार असलेली पक्की फरशी करा. पपईसारखी झाडं लांब, उंच गादीवाफ्यावर लावा. काळीत पाणी साचलं की मुळं कुजतात.

आता मागण्या, सरळ सरळ. लेआउट मंजूर करताना माती तपासणीचा अहवाल सक्तीचा करा आणि तो प्लॉट घेणाऱ्याच्या हातात द्या. काळ्या मातीतल्या घरकुलाला पायासाठी वेगळी रक्कम द्या. आणि पाणी जिरतं का हे बघितल्याशिवाय शोषखड्ड्याचं बिल काढू नका.

निवडणुका आल्यात की उमेदवार दारात येतीलच. रस्ता-नाली मागतोच आपण. यंदा त्यांना घरातली भेग दाखवा आणि विचारा, हिच्याबद्दल काय करणार?