भाव पाडण्याआधी वही काढा

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या आमच्या मुरुडमध्ये मंदी शेअर बाजारातून येत नाही, सोयाबीनच्या भावातून येते. 2021 च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलेलं सोयाबीन 2024 च्या सुगीत 4,892 रुपयांच्या हमीभावाखाली विकलं जात होतं. शेतकऱ्याच्या खिशात पैसा नाही, मग चपलेच्या, कापडाच्या, भांड्यांच्या दुकानात तो कुठून येणार?

त्या दिवाळीत पुण्याहून गावी आलो, तर भाईजान चपलांच्या दुकानात नुसते बसून होते. मी इंजिनिअर माणूस. लगेच सल्ला दिला, सरसकट दहा टक्के सूट लावा. हिशोब मात्र नंतर केला.

240 ला आणलेला जोड 300 ला विकला की 60 सुटतात. 270 ला विकला की 30. भाव दहा टक्क्यांनी उतरला, पण नफा निम्मा झाला. तेवढीच कमाई व्हायला दुप्पट जोड खपायला हवेत. ज्याच्याकडे पैसेच नाहीत, तो 30 रुपये वाचतात म्हणून चप्पल घेईल कशाला? थोडं गिऱ्हाईक वाढलं, ते शेजारच्या दुकानातलं. मग त्यांनीही भाव पाडला. जानेवारीत पुन्हा 300 म्हटलं तर लोक म्हणाले, "परवा तर 270 ला देत होता!"

शेवटी भाईजाननीच वाट काढली. चांगल्या जोडाचा भाव 300 वर कायम, शेजारी 180 चा साधा जोड, आणि तो साधा आहे हे तोंडावर सांगून. जुना सोल काढून हलका लावायचा आणि भाव तोच ठेवायचा, हे त्यांना मापात मारण्यासारखंच वाटतं. ओळखीच्या गिऱ्हाइकाला निम्मे रोख, निम्मे ऊसबिल आल्यावर. उधारीचा भाव वेगळा नाही. अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्या, हे सूरह बकरात आपण वाचतोच. पण सवड द्यायची तर आपलं भांडवल अडकतं, म्हणून त्यांनी होलसेलवाल्याकडूनही महिनाभराची मुदत मागून घेतली. ती मिळाली नसती तर हे जमलं नसतं.

तुमच्यापैकी कुणाचं मोबाइलचं दुकान असेल, कुणाचं गॅरेज. सुटीचा बोर्ड लावण्याआधी एका वस्तूमागे नेमके किती सुटतात ते लिहून काढा. आमच्या गल्लीत ते तोंडी सांगणारे पुष्कळ आहेत, लिहिलेला एकही दिसला नाही.

भाईजानच्या वहीत त्या हंगामातली चार नावं अजून बाकी आहेत. दोन पैसे बुडाल्यात जमा, असं ते स्वतःच म्हणतात.