अकरा आणि नऊ

"भांडणातूनच कला फुलते, आजोबा!" इति आमचा नातू. दाखला 'हुस्कर डू' या अमेरिकन रॉक बँडचा. १९८७ साली आलेला त्यांचा शेवटचा अल्बम 'वेअरहाउस'. गाणी वीस, अकरा बॉब मोल्डची, नऊ ग्रँट हार्टची. दोघांत धुसफूस, तरी गाणी झकास.

मला हे साफ नामंजूर! गाणी भांडणामुळे नव्हे, भांडण असूनही झाली. भांडणाने कला फुलत असती, तर जानेवारी १९८८ मध्ये बँड मोडला कसा? पुढचा अल्बम कुठाय? हार्ट २०१७ मध्ये गेला. आता तो होणेही नाही.

नातवाचंही साथीदाराशी बिनसलंय. सहा महिन्यांत दोघांचं एकही नवं गाणं नाही.

बाळा, दाखले पुरे. आधी त्याला फोन कर.