चिखलदऱ्याची घाई

मृगाची पहिली सर पडली की वर्धा-आर्वी रस्त्यावर, आंजी (मोठी)च्या चौकातून, चिखलदऱ्याच्या गाड्या सुटू लागतात. विदर्भातले हे एकमेव थंड हवेचे ठिकाण, उंची सुमारे १,१०० मीटर. वैशाखात होरपळलेल्या वर्धेकरांना त्याची ओढ असणारच.

पण जूनमध्ये तिथे असते काय? डोंगर करडाच असतो. कातळात पाणी मुरल्याशिवाय भीमकुंडाचा धबधबा जोर धरत नाही. त्याचे खरे रूप ऑगस्टात. तरी पहिल्याच शनिवार-रविवारी परतवाड्यावरून वर चढणाऱ्या अरुंद घाटात धुके, भुट्टेवाले आणि वळणावर सेल्फीसाठी उभ्या केलेल्या मोटारी यांची कोंडी होते. हा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे, याचे भान हॉर्न वाजवणाऱ्यांना नसते. खरे तर हवामान पाहून तारीख हलवता येते: २०२५च्या फेब्रुवारीत पुरेसा बर्फ नव्हता म्हणून गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा मार्चवर ढकलल्या गेल्या. आपल्याला मात्र सहलीची तारीख हलवणे जिवावर येते.

गर्दी आवरण्यासाठी उटी आणि कोडाईकॅनॉलला न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून वाहनांना ई-पास लागतो. अमरावती जिल्हा प्रशासनाने पावसाळी शनिवार-रविवारसाठी तशीच मर्यादा घालावी, आणि गाड्या घाटात अडकल्यावर नव्हे, परतवाड्यातच थांबवाव्यात. वाचकांनीही ऑगस्टातला एखादा मंगळवार-बुधवार निवडावा.