‘भाकरी खा’ एवढ्यावर भागत नाही

सीलिअॅकचा, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचा, विषय निघाला की उत्तर ठरलेलं: हा उत्तरेकडच्या गहूखाऊंचा आजार, आपल्याकडे कुठे? आणि असलाच, तर भाकरी खा. त्यात सरकारने काय करायचं?

पहिल्या आक्षेपाला आकड्यांचा आधार आहे, पण अर्धाच. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत या आजाराची प्रतिपिंडं उत्तरेत 1.23 टक्के प्रौढांच्या रक्तात सापडली, दक्षिणेत 0.10 टक्के. मात्र आजाराला पोषक जनुकं दोन्हीकडे जवळपास सारखीच होती, 38 आणि 36 टक्के. फरक ताटात होता: उत्तरेत माणशी रोज 455 ग्रॅम गहू, दक्षिणेत 25. आता उल्हासनगर पाहा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांचं हे शहर. इथे नाश्त्याला कोकी, म्हणजे गहूच. अंबरनाथच्या कारखान्यांत उत्तरेतून आलेले कामगार. आणि बदलापूरच्या मराठी घरात तरी रोज भाकरी कुठे थापली जाते? डबा पोळीचाच असतो.

भाकरीचा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लूटेन नसतं, हे मराठी स्वयंपाकघराचं भाग्यच. पण त्याच गिरणीत आधी गहू दळला असेल तर? बाजारच्या खड्याच्या किंवा पावडरीच्या हिंगात बहुधा मैदा असतो. आमटीतून तोही पोटात जातो. शिवाय निदानाआधीच गहू सोडला तर रक्ततपासणी फसवी ठरू शकते. ज्या मुलाची उंची खुंटलीय, ज्या बाईचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या खाऊनही वाढत नाही, त्यांना आधी आजाराचं नाव कळायला हवं. ऐकीव पथ्याने ते कळणार नाही.

म्हणून मागणी मोठी नाही. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात अशा रुग्णांची टीटीजी ही प्रतिपिंडांची रक्ततपासणी मोफत व्हावी, गरज पडल्यास आतड्याच्या बायोप्सीपर्यंतची वाट तिथूनच दाखवली जावी. निदान झालेल्याच्या शिधापत्रिकेवर गव्हाऐवजी तेवढाच तांदूळ किंवा ज्वारी मिळावी. इटलीत अशा रुग्णांना खास पदार्थांसाठी सरकार दरमहा पैसे देतं. आपल्याला तेही नको. धान्य गोदामात आहेच, फक्त पिशवी बदलायची आहे. ‘रुग्ण थोडे आहेत’ ही सबब तर इथे उलटीच लागू पडते, कारण थोड्यांसाठी खर्चही थोडाच येईल.