रस्ता मोजला, शेतकऱ्याच्या पदरात पडलं ते कोण मोजणार?



गावाला रस्ता झाला की कडेला पाटी लागते. लांबी, खर्च, ठेकेदाराचं नाव. त्या रस्त्यानं शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं, ते पाटीवर नसतं.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. नियम ठरला : सपाटीवर ५०० लोकवस्ती, डोंगरी-आदिवासी भागात २५०. सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोवोसाद या अर्थशास्त्रज्ञांनी योजनेतली लोकवस्तीची रेषाच धरली. रेषेच्या जरा वरची आणि जरा खालची, अशी देशातली हजारो गावं त्यांनी ताडून पाहिली. २०२० साली निष्कर्ष छापून आला. रस्ता होऊन चारेक वर्षं झाली, तेव्हा माणसं शेतीतून बाहेरच्या कामाकडे वळली होती; शेती, मिळकत, मालमत्ता यांत मोठा फरक नव्हता.

मग रस्ते कशाला, असं कुणी म्हणेल. त्याला अक्राणीच्या पाड्यावर न्या, बाळंतिणीला झोळीत घालून डोंगर उतरायला लावा. रस्ता हवाच! पण रस्ता म्हणजे भाव नव्हे. धडगावचा आमचूर ज्या रस्त्यानं खाली जातो, त्याच रस्त्यानं माणूस ऊसतोडीला गुजरातेत जातो. आणि घेणारा व्यापारी एकच असेल, तर वाचलेलं भाडं त्याच्याच खिशात जातं. २५० च्या आतला पाडा तर त्या नियमात बसतच नाही. त्याची झोळी कोण मोजणार?

तेव्हा मोजायचं आपणच. रस्ता होण्याआधी आणि झाल्यावर, ग्रामसभेत, एका वहीत लिहा :

क्विंटलमागे बाजारापर्यंतचं भाडं.
बांधावरचा भाव, आणि त्याच दिवशीचा बाजार समितीतला भाव.
पावसाळ्यात रस्ता बंद राहिला ते दिवस.
दवाखान्यात पोचायला लागलेला वेळ.
कामासाठी बाहेर गेलेली माणसं.

रस्ता नसलेल्या शेजारच्या गावालाही अशीच वही ठेवायला सांगा. नाहीतर पाऊस चांगला झाला, म्हणजे त्याचं श्रेय डांबराला जाईल.

साहेब किलोमीटर सांगू लागले की वही उघडा. भाडं उतरलं आणि भाव मिळाला, तर मोकळ्या मनानं मान्य करू. नाही मिळाला, तर पैसा कुठं अडला ते विचारू. पुढच्या बैठकीला येताना वही घेऊन या.