बागाईतदाराच्या नांवावर वाईन

गरिबाच्या नांवानें मागावयाचें आणि आपली झोळी भरावयाची, ही रीत आमच्या देशांत जुनी आहे. ता. २७ जानेवारी २०२२ रोजीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें १०० चौरस मीटरहून मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकूं देण्याचें ठरविलें, तेव्हां कारण काय सांगितलें? शेतकऱ्याचें कल्याण! पुढें ओरड झाली, अण्णा हजारे यांनीं उपोषणाचा इशारा दिला, सरकारनें लोकांच्या हरकती मागविल्या आणि जून महिन्यांत तें मंत्रिमंडळच गेलें. पण असे विचार मरत नाहींत. नवा अंगरखा घालून परत येतात. म्हणून जुन्नर-आंबेगांवच्या बागाईतदारांनीं हा विचार नीट पारखून घ्यावा.

खाण्याचें द्राक्ष एका व्यापाऱ्यानें पाडून मागितलें तर दुसऱ्याला दाखवितां येतें. वाईनचें द्राक्ष बारीक व बियांचें. तें बाजारांत कोण घेणार? त्याला कारखाना हेंच एक गिऱ्हाईक. आमच्या नारायणगांवास इंडाज कारखान्यानें १९८० नंतरच्या दशकांत फेसाळ वाईन करून विलायतेपर्यंत नांव मिळविलें; पण पुढें तोही कर्जांत बुडाला. कंपनी मोडींत निघाली म्हणजे तारण घेतलेली बँक पुढें आणि उधारीनें माल घालणारा मागें, असा कायदा आहे. सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रियेचें धोरण काढून कारखान्यांस करांत सवलती दिल्या. मागाहून २० टक्के विक्रीकरापैकीं १६ टक्के परत देण्याची योजनाही केली. कारखानदाराची सवलत कागदावर आली. बागाईतदाराचा भाव कोणत्या कागदावर आहे?

आमच्याच ओतुरास सत्यशोधकांनीं भटाशिवाय लग्नें लाविलीं, तेव्हां न बोलाविलेल्या लग्नाची दक्षिणा मागण्यास ग्रामजोशी कोर्टांत गेले होते. वाईनच्या धंद्यांतला मधला मक्तेदार त्याच वाटेचा. वेल एकाचा, बाटली दुसऱ्याची आणि नफा तिसऱ्याचा! टाळेबंदींत, मे २०२० मध्यें, दारू घरपोंच करण्याची मुभा मिळाली तीही परवानेदार दुकानदारांस. अमेरिकेंतही कारखाना, ठोक व्यापारी व दुकानदार अशी उतरंड होती. तेथील वरिष्ठ कोर्टानें ता. १६ मे २००५ रोजीं निकाल दिला कीं, जें राज्य आपल्या कारखान्यांस थेट गिऱ्हाइकाच्या घरीं वाईन धाडूं देतें, त्यानें परराज्यांतील कारखान्यांस मना करूं नये. लहान कारखानदारास त्यानें वाट मिळाली. आमच्याकडे मात्र राज्यागणिक अबकारी निराळी.

मग दारूचा पूर खेड्यांत येऊं द्यावा काय? मुळींच नाहीं. जोतीराव फुले यांनीं पुणें म्युनिसिपालटीचे सभासद असतां १८८० सालीं दारूच्या गुत्त्यांविरुद्ध लेखी तक्रार केली होती, आणि राज्यघटनेचें ४७ वें कलमही दारूबंदीकडेच बोट दाखवितें. ज्या दुकानांतून पोर गूळ-तेल आणतें तेथें बाटली मांडणें आम्हांस साफ नापसंत आहे. गांवच्या बायांनीं मतदानानें दारूचें दुकान आडवें करण्याचा हक्क झगडून मिळविला आहे. किराणा दुकानाच्या फळीवरील बाटली त्या कशी आडवी करणार?

आमचें मागणें थोडकें आहे. विघ्नहर व भीमाशंकर या कारखान्यांस ऊस घालणारास १९६६ च्या हुकुमाप्रमाणें १४ दिवसांत पैसे मिळावे, न मिळाल्यास १५ टक्के व्याज मिळावें, असा कायदा आहे. तोच कायदा वाईनच्या द्राक्षास लावा. थेट विक्री द्यावयाचीच तर ती वाईन करणाराच्या आवारांतून व परवानाधारक प्रौढाच्या घरीं, वय तपासून द्या. आणि तींत पहिला मान बागाईतदारांच्या सहकारी मंडळीस द्या.

हें करावयाचें नसेल तर शेतकऱ्याचें नांव घेऊं नका, म्हणजे झालें. बंधूंनो, येत्या ग्रामसभेंत हा ठराव मांडा, आणि मांडतांना घरच्या बायांस बरोबर न्या. दारूचा हिशेब त्यांच्याइतका चोख कोणालाच ठाऊक नाहीं.